काळ्या नळीमागचा धातू

म्हसवडच्या शिवारातून चालताना डाळिंबाच्या बागेत झाडांच्या ओळीने पसरलेली बोटाएवढी काळी नळी आपण सर्वांनी पाहिली आहे. माण तालुका हा कमी पावसाचा मुलूख. १८७६ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून राजेवाडीच्या तलावाचे काम निघाले, ही गोष्ट इथल्या जुन्या माणसांना ऐकून ठाऊक असते. अशा मुलखात पाण्याचा थेंब थेट झाडाच्या मुळाशी नेणारी ही नळी म्हणजे बागायतदाराचा मोठा आधार. तिच्यातून झाडापाशी तासाला जेमतेम दोनचार लिटर पाणी ठिबकते, आणि तेवढ्यावर बाग जगते.

ही नळी पॉलिइथिलीन नावाच्या प्लास्टिकची असते. उन्हाने लवकर चिरू नये म्हणून तीत काजळी मिसळतात, आणि म्हणून ती काळी दिसते. पण हे प्लास्टिक तयार कसे होते? त्याच्या मुळाशी एक धातू आहे, असे सांगितले तर नवल वाटेल. आज त्याच धातूची हकीकत सांगायची आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ : उत्प्रेरक. समजा, दोन गावांच्या मध्ये उंच डोंगर आहे. माथ्यावरून जायचे तर दमछाक होते, म्हणून फारसे कोणी जात नाही. डोंगराला बोगदा पाडला की तीच माणसे रोज ये-जा करू लागतात. गावे तीच, माणसे तीच. वाट मात्र सोपी झाली. उत्प्रेरक रासायनिक क्रियेला अशी सोपी वाट काढून देतो. शिवाय तो स्वतः त्या क्रियेत खर्ची पडत नाही, म्हणून त्याचा थोडासा अंशही पुष्कळ काम करतो. निकेल, लोखंड, प्लॅटिनम, टायटॅनियम असे अनेक धातू हे काम करतात. पिकाला घालतो त्या युरियासाठी लागणारा अमोनिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, तो लोखंडाच्या मदतीने. तेलाचे वनस्पती तूप होते, ते निकेलच्या मदतीने.

आता नळीकडे वळू. आंब्याच्या अढीत फळे पिकताना एक वायू सुटतो. त्याचे नाव इथिलीन. कारखान्यात हाच वायू खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून काढतात. इथिलीनचे हजारो कण एकापुढे एक जोडून लांब साखळी केली की पॉलिइथिलीन होते. १९३३ साली इंग्लंडमध्ये ते प्रथम हाती आले. पण त्यासाठी हजार-दोन हजार वातावरणांचा दाब लागे. सायकलच्या चाकात आपण जी हवा भरतो, तिच्या शेकडो पट हा दाब. एवढे करून साखळ्या होत त्या बाभळीच्या फांद्यांसारख्या, जागोजाग फाटे फुटलेल्या. बाभळीच्या फांद्यांची कधी घट्ट पेंढी बांधता येते का? तसेच ते प्लास्टिक मऊ आणि नरम राही.

जर्मनीतील म्यूलहाइम गावी कार्ल त्सीग्लर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते अॅल्युमिनियमचा अणू थेट कार्बनच्या अणूशी जोडलेली संयुगे तयार करीत. धातू आणि कार्बन यांची अशी सरळ गाठ असलेल्या पदार्थांना कार्बनी-धातू संयुगे म्हणतात. ती मोठी तापट असतात. काही तर हवा लागताच पेट घेतात. ह्या अॅल्युमिनियमच्या संयुगावर इथिलीन जोडून साखळी लांबविण्याचा त्सीग्लर यांचा प्रयत्न चालला होता. एके दिवशी साखळी वाढेचना. दोनच कण जोडले जाऊन ब्युटीन नावाचा वायू हाती येई. प्रयोग बिघडला असे म्हणून दुसरा कोणी भांडे घासून पुन्हा कामाला लागला असता. त्यांनी बिघाडाचे कारण शोधले. पोलादी भांड्यात निकेलचा अगदी अल्प अंश राहून गेला होता, आणि तोच साखळी तोडीत होता!

मग त्यांनी असा विचार केला : एक धातू साखळी तोडतो, तर दुसरा एखादा ती वाढवीत नसेल कशावरून? एकामागून एक धातू लावून पाहिले. १९५३ साली टायटॅनियमचा क्षार अॅल्युमिनियमच्या संयुगाबरोबर वापरला, आणि साध्या दाबावर, काचेच्या बरणीतही इथिलीनचे भराभर पॉलिइथिलीन होऊ लागले. साखळ्याही सरळ, कडब्याच्या ताटांसारख्या. कडब्याची पेंढी घट्ट बसते, तसे हे प्लास्टिक कणखर झाले. पुढच्याच वर्षी इटलीत जूलिओ नात्ता यांनी ह्याच पद्धतीने पॉलिप्रॉपिलीन बनविले. खताची विणलेली पोती आणि दोर त्याचेच असतात. दोघांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा टायटॅनियम काम कसे करतो? मेंढीची लोकर आठवा. लोकर शेंड्याला वाढत नाही. कातडीतून, मुळाशी वाढते आणि जुना भाग पुढे सरकतो. तशीच ही साखळी टायटॅनियमच्या अणूला चिकटून असते. इथिलीनचा नवा कण येतो तो धातू आणि साखळी यांच्या मधोमध शिरतो आणि साखळी एका कणाने पुढे सरकते. असे हजारो वेळा घडते. आपल्या नळीला वाकावेही लागते, म्हणून इथिलीनमध्ये थोडे ब्युटीन वा तशाच जातीचे दुसरे द्रव्य मुद्दाम मिसळतात आणि सरळ साखळीला आखूड फाटे आणतात. ज्या ब्युटीनने त्सीग्लर यांचा प्रयोग बिघडविला, तेच असे कामी आले.

महाराष्ट्रात १९६८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यात कणखर पॉलिइथिलीनचे उत्पादन सुरू झाले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तर त्याआधीची. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. उत्प्रेरकांचे संशोधन हे तिचे एक मोठे काम. २००२ ते २०१० ह्या काळात तिचे संचालक असलेले डॉ. शिवराम यांचा अभ्यास अशाच साखळ्यांचा आणि त्या जोडणाऱ्या उत्प्रेरकांचा.

धातू आणि कार्बन यांची ही गाठ निसर्गानेही बांधली आहे, आणि ती आपल्या मेंढरांच्या पोटात. मेंढीच्या पोटातील सूक्ष्म जंतू चाऱ्यातल्या कोबाल्ट धातूपासून ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात. ऑस्ट्रेलियात काही भागांत भरपूर गवत असूनही मेंढरे खंगून मरत. तेथील मातीत कोबाल्ट कमी आहे, हे १९३५ साली कळले आणि कोबाल्टच्या कणभर मात्रेने कळप सुधारले. पुढे डोरोथी हॉजकिन ह्या विदुषीने ब-१२ ची रचना उलगडली आणि १९६१ साली त्यात कोबाल्ट-कार्बनची गाठ दिसून आली. तेव्हा धनगर बांधवांनो, मेंढरू चरूनही खंगत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. जंत आहेत की क्षार कमी, हे तपासूनच कळते. आपल्या मनाने औषध देऊ नका.

एक इशारा नळीबद्दलही. साखळी जेवढी चिवट, तेवढी ती मातीत कुजायला नाखूश. फुटक्या नळ्या बांधावर टाकल्या तर वर्षानुवर्षे तशाच राहतात. पेटविल्या तर घातक धूर होतो. हे प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येते. म्हणून जुन्या नळ्या झटकून, गुंडाळून भंगारवाल्याला द्याव्यात. दोन पैसेही सुटतील.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सोपा प्रयोग. औषधाच्या दुकानातून तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. दोन पेल्यांत थोडे थोडे ओता. एकात कच्च्या बटाट्याची फोड टाका, दुसऱ्यात उकडून गार केलेली. कच्च्या फोडीभोवती फेस येईल, तो ऑक्सिजनचा. बटाट्यातील विकरात लोखंडाचा अणू असतो आणि तो ही क्रिया वेगाने घडवितो. उकडल्याने विकराची घडी मोडते, म्हणून दुसऱ्या पेल्यात जवळजवळ काहीच होत नाही. द्रव डोळ्यांत उडणार नाही एवढी काळजी घ्या. आणि एखाद्या मुलाच्या पेल्यात भलतेच घडले, तर त्याला रागावू नका. काय निराळे केलेस, एवढे विचारा आणि वर्गाबरोबर कारण शोधा.