तिसऱ्याचा हक्क : लखनौचा वसीका आणि संविदेतील ‘त्रयस्थ’

मराठीत ‘त्रयस्थ’ हा शब्द अलिप्ततेचा वाचक आहे. त्रयस्थ दृष्टीने पाहणे म्हणजे हितसंबंध बाजूला ठेवून पाहणे. त्रयस्थाकडे वाद सोपवणे म्हणजे ज्याला त्यातून काही मिळवायचे नाही अशाकडे तो सोपवणे. ‘तिऱ्हाईत’ तर त्याहून दूरचा, परका. कायद्याच्या मराठीत मात्र हेच शब्द करारात स्वतः सहभागी नसलेल्या व्यक्तीसाठी योजले जातात, आणि अशी व्यक्ती पुष्कळदा त्या कराराच्या फळाची खरी धनी असते. शब्दाचा रूढ अर्थ आणि त्याने दाखवलेली वस्तू यांत पडलेल्या या अंतराचा विचार प्रस्तुत लेखात लखनौशी व उत्तर हिंदुस्थानाशी निगडित तीन प्रकरणांच्या आधारे केला आहे.

प्रथम तीन संकल्पना वेगळ्या करून घेणे आवश्यक आहे. पहिली अभिहस्तांकनाची. करारान्वये मला मिळावयाचे येणे मी दुसऱ्याच्या नावे करून देतो. हक्क हलतो, देणेकरी तोच राहतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १३० नुसार असे येणे लेखी दस्ताने हस्तांतरित करता येते. मात्र त्याच अधिनियमाचे कलम ६ भावी पोटगीचा हक्क आणि राजकीय निवृत्तिवेतने हस्तांतरणाच्या कक्षेबाहेर ठेवते. दुसरी संकल्पना प्रत्यायोजनाची. येथे माझ्यावरचे कर्तव्य मी दुसऱ्याकरवी पार पाडतो. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ४० मधील दृष्टान्त साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रुचावा : पैसे देण्याचे वचन दुसऱ्याच्या हातून पुरे करता येते, पण चित्र काढून देण्याचे वचन चित्रकाराने स्वतःच पाळावयाचे असते. कर्त्याचे व्यक्तित्व जेथे कृतीत उतरते, तेथे कायदा बदली माणूस मान्य करीत नाही.

या दोन्ही व्यवहारांना मराठी दप्तरात जुने शब्द आहेत. महसुलाच्या वसुलीतून अमक्याला इतकी रक्कम द्यावी, अशा आदेशपत्राला ‘वरात’ म्हणत; हा शब्द अरबी ‘बरात’वरून आला असून लग्नाच्या वरातीशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. अधिकाऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा तो ‘मुतालिक’. ऋण एकाकडून दुसऱ्याकडे वळवण्याचा इस्लामी धर्मशास्त्रातील शब्द ‘हवाला’. मराठीत तो ‘हवाली करणे’ आणि ‘हवाला देणे’ अशा दोन वाटांनी रुजला. तिसऱ्या संकल्पनेसाठी, म्हणजे दोघांनी करार करावा आणि त्याचा लाभ हक्काने तिसऱ्याला मिळावा यासाठी, मात्र असा रुळलेला शब्द आढळत नाही. लखनौत तो आहे : वसीका.

मूळ अरबीत वसीका म्हणजे विश्वासाचा लेख, खत, दस्त. लखनौच्या बोलीत हा अर्थ कागदावरून कागदाने मिळणाऱ्या रकमेवर सरकला, आणि ती घेणारा ‘वसीकादार’ झाला. या अर्थांतरामागे एक ठोस व्यवहार आहे. पहिले ब्रह्मी युद्ध सुरू असताना, ऑगस्ट १८२५ मध्ये, अवधचा राजा गाजीउद्दीन हैदर याने ईस्ट इंडिया कंपनीला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेकडा पाच. कर्ज शाश्वत होते. मुद्दल परत करावयाचे नव्हते. वर्षाला पाच लाखांचे हे व्याज राजाच्या खजिन्यात न जाता करारात नावे घातलेल्या व्यक्तींना द्यावयाचे होते. मुबारक महल, सुलतान मरियम बेगम, मुमताज महल, सरफराज महल या राजाच्या स्त्रिया आणि वजीर आगा मीर ही त्यांतील प्रमुख नावे. काही वसीक्यांबाबत अशीही तजवीज होती की, धारकाच्या मृत्यूनंतर एक तृतीयांश भाग त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जावा आणि उरलेला नजफ व करबला येथील मुजतहिदांना मिळावा. त्याप्रमाणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लखनौच्या कर्जाचे व्याज इराकातील त्या धर्मक्षेत्री पोहोचू लागले.

या कराराचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. गाजीउद्दीन १८२७ मध्ये वारला. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले. धनकोचे सिंहासन गेले. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीच्या सरकारने घेतला, ऋणकोही बदलला. १९४७ मध्ये ते सरकारही गेले आणि १९५० च्या संविधानाने पूर्वीच्या शासनाची दायित्वे संघ व राज्यांकडे सोपवली. देणे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. लखनौच्या हुसेनाबाद भागातील वसीका कार्यालयातून वंशजांना रकमा मिळत असल्याची वृत्ते २०२२ पर्यंत प्रसिद्ध झाली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन त्यांतील काही दहा रुपयांहूनही कमी उरल्या आहेत. करार करणारे दोघेही नाहीसे झाले, ‘तिऱ्हाईत’ तेवढा उरला.

याच्या शेजारी मराठी वाचकाच्या परिचयाचे बिठूरचे प्रकरण ठेवले, तर वसीक्याचे मर्म स्पष्ट होते. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमच्या अटी मान्य करून शरणागती पत्करली. स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना आठ लाखांहून कमी नाही एवढे वेतन त्यास मिळावे, असे ठरले. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला आणि कंपनीने वेतन थांबवले. दत्तक पुत्र नानासाहेब याचे म्हणणे असे की, राज्य सोडणे हे या वेतनाचे मोल होते आणि अटींत कुटुंबाचा निर्देश होता. कंपनीच्या मते ते एका व्यक्तीला हयातीपुरते दिलेले वेतन होते. १८५३ मध्ये अझीमुल्ला खान हे गाऱ्हाणे घेऊन लंडनला गेला. त्याचा उपयोग झाला नाही. लखनौच्या कागदात मुद्दल होते, नावे होती, नावांमागे येणाऱ्यांची व्यवस्था होती. बिठूरच्या कागदात ‘कुटुंब’ हा एक मोघम शब्द होता. त्या शब्दातून तिसऱ्याचा हक्क निघतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार देणेकऱ्यानेच स्वतःकडे ठेवला होता. पुढील इतिहास सर्वज्ञात आहे.

हाच प्रश्न न्यायालयापुढे आला तो एका पानदानाच्या निमित्ताने. २५ ऑक्टोबर १८७७ रोजी ख्वाजा मुहम्मद खान यांनी भावी सुनेच्या, हुसैनी बेगम हिच्या, पित्याशी करार केला. विवाह झाल्यावर सुनेला दरमहा पाचशे रुपये ‘खर्च-ए-पानदान’ म्हणून कायम द्यावयाचे होते आणि त्यासाठी स्थावर मिळकतीवर बोजा ठेवला होता. वधूवर दोघेही अज्ञान होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विवाह झाला. १८९६ मध्ये बेगमेने पतीचे घर सोडले व पुढे थकबाकीसाठी दावा लावला. सासऱ्याचा बचाव असा की, ती करारात पक्षकार नाही. इंग्लंडमधील ट्वेडल विरुद्ध अ‍ॅट्किन्सन (१८६१) या खटल्याचा आधार त्याला होता. तेथेही दोन पित्यांचाच करार होता आणि लाभार्थी मुलाला दावा नाकारला गेला होता.

१९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा बचाव फेटाळला. जेथे अज्ञान मुलांचे विवाह वडीलधारी माणसे ठरवतात, तेथे विवाहप्रसंगी केलेल्या करारांना हा इंग्रजी नियम लावणे अन्यायाचे ठरेल, असे न्यायासनाने सांगितले. पतीपासून वेगळे राहिल्याने हक्क बुडतो, हेही त्यास मान्य झाले नाही. करारात तशी अट नव्हती. येथे ‘पानदान’ हा शब्द निव्वळ विड्याच्या साहित्याचा वाचक नाही. उत्तरेकडील खानदानी मुस्लिम कुटुंबांत तो पत्नीच्या स्वतंत्र खर्चाच्या रकमेचे नाव होता, आणि या रकमेवर पतीचा ताबा नसे. ‘विड्याचा खर्च’ असे त्याचे शब्दशः भाषांतर केले, तर हक्काचे रूपांतर चैनीत होते.

आजची स्थिती थोडक्यात अशी. भारतीय अधिनियमाच्या कलम २ नुसार प्रतिफल वचनग्रहीत्याकडूनच यावे असे नाही, ते अन्य व्यक्तीकडूनही येऊ शकते. तरीही पक्षकार नसलेल्याला सामान्यतः दावा लावता येत नाही. एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर (१९६९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र कायम ठेवले आणि न्यास, बोजा, कौटुंबिक व्यवस्था यांसारखे अपवादही मान्य केले. इंग्लंडने १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करून तिसऱ्याचा हक्क विशिष्ट मर्यादेत स्वीकारला. आपल्याकडे मात्र तो अजून अपवादाच्या दारानेच आत येतो.

वरील तिन्ही प्रकरणांत दुसऱ्यांच्या शब्दावर विसंबून राहिलेली माणसे आहेत : राणीवशातील स्त्रिया, दत्तक पुत्र, अज्ञान सून. करार लिहिताना त्यांना विचारले गेले नव्हते. तो पाळला जातो की मोडतो याची झळ मात्र त्यांनाच लागणार होती. त्यांना ‘त्रयस्थ’ म्हणणे मराठीच्या प्रकृतीला सोडून आहे. ‘हितार्थी’ हा शब्द परिभाषेत उपलब्ध आहे आणि तो अधिक न्याय्य आहे. लखनौच्या बोलीने तर विश्वासाच्या कागदावरूनच त्या माणसाला नाव दिले. भाषांतरकाराने ‘त्रयस्थ’ लिहिण्यापूर्वी या ‘वसीकादारा’ची आठवण ठेवावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.