विश्लेषण : रेडिएटरचा पाइप चपटा का होतो?

रात्री गाडी व्यवस्थित उभी केलेली असते. सकाळी बॉनेट उघडावे, तर रेडिएटरचा वरचा जाड रबरी पाइप संपत आलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखा आत दबलेला. ‘पाइप बाद झाला, बदलून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. नवा पाइप बसतो आणि काही दिवसांत तोही चपटा होतो. कारण दोष बहुतेकदा पाइपात नसतो, झाकणात असतो.

झाकणाचे नेमके काम काय?

इंजिन चालू असताना कूलंट ९० अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि प्रसरण पावते. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते. अनेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो हा दाब, बारमध्ये. त्यामुळे आतले पाणी १०० अंशांना उकळत नाही. दाब त्याहून वाढला की झाकणातली मोठी झडप उघडते आणि जादा कूलंट बारीक नळीतून शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत जाते.

गाडी थंड होताना हाच प्रवास उलटा होतो. सहा लिटर कूलंट थंड झाले की साधारण २०० मिलिलिटरने आकसते. ही जागा भरण्यासाठी झाकणाच्या मध्यभागी एक छोटी झडप असते. ती उघडते आणि बाटलीतले कूलंट परत आत खेचले जाते. गंजाने किंवा क्षाराने ही झडप चिकटली, अथवा बाटलीची नळी तुंबली वा दुमडली, तर आत निर्वात पोकळी तयार होते. मग बाहेरची हवा सर्वांत मऊ भाग दाबते, तो म्हणजे पाइप.

गाडी चालतेय, मग बिघडले काय?

खरा धोका इथेच आहे. बाटलीतून कूलंट येत नसेल तर सैल क्लिपच्या फटीतून हवा आत शिरते. रेडिएटर हळूहळू रिकामा होतो आणि बाटली मात्र भरलेलीच दिसते. रोज नुसती बाटली पाहून निर्धास्त राहणाऱ्याला हे कळतच नाही. मग कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर काटा लाल रेषेकडे जातो. हेड गॅस्केट गेले तर खर्च झाकणाच्या किमतीच्या कितीतरी पट.

तपासणी कशी करावी?

इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम झाकण उघडले की उकळते कूलंट उसळून चेहरा-हात भाजतात, त्यामुळे इथे घाई नकोच. थंड गाडीचे झाकण सैल करताच ‘सुस्स’ आवाज होऊन पाइप फुगला, तर आत निर्वात होता हे नक्की. झाकणाखालची छोटी चकती बोटाने ओढून पाहावी. ती सहज उचलली जाऊन परत बसली पाहिजे. बाटलीची नळी काढून तिच्यातून हवा जाते का पाहावे. नळीचे टोक बाटलीतल्या कूलंटमध्ये बुडालेले हवे, नाहीतर ती हवाच ओढते. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, दाबाचे झाकण टाकीवरच असते. तिथे तेच तपासावे.

खालचा पाइप ही वेगळी गोष्ट. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप याच पाइपातून कूलंट ओढतो. हा पाइप गाडी उभी असताना ठीक असतो, पण रेस वाढवल्यावर आत जातो. अशा वेळी रेडिएटर आतून तुंबल्याची शंका घ्यावी. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतलेल्या गाड्यांत हे होतेच. काही गाड्यांच्या या पाइपात तारेची स्प्रिंग असते, ती गंजून तुटली तरी असेच होते. मात्र पाइप तेल लागून भुसभुशीत झाला असेल किंवा दाबल्यावर मऊ लागत असेल, तर तो बदलावाच.

नवे झाकण घेताना जुने सोबत न्यावे. आकडा तोच हवा आणि बैठकही तीच. ‘जास्त दाबाचे बसवू, गाडी तापणार नाही’ हा सल्ला ऐकू नये. त्याने जुना पाइप किंवा रेडिएटर फुटतो. काम झाल्यावर कूलंट भरून आतली हवा काढून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, बाटलीची नव्हे तर रेडिएटरची पातळी पाहावी.