परत आलेला डबा

घाटंजीसारख्या, कापूस आणि तूर यांवर ज्याचा संसार उभा आहे अशा तालुक्याच्या गावी, शाळा सुटल्यावर लेकराच्या दप्तरातून निघालेला डबा उघडून त्यातली मेथीची भाजी जशीच्या तशी पाहणाऱ्या माउलीला प्रथम वाटते ते हेच, की पोर हट्टी झाले आहे. हा समज रूढ असला तरी निराधार आहे. पहिल्या वर्षात बालकाचे वजन सुमारे तिप्पट होते, परंतु दुसऱ्या वर्षानंतर ते वर्षाकाठी जेमतेम 2 किलोंनी वाढते. वाढ मंदावली की भूकही ओसरते, आणि नेमक्या त्याच काळात, साधारणतः 2 ते 6 या वयात, अनोळखी पदार्थाविषयीची उपजत साशंकता बळावते. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ही साशंकता शाळेच्या पहिल्या वर्षांतही सोबत येते.

दुसरा गैरसमज अधिक घातक, कारण तो मायेपोटी जन्मतो. ‘डबा संपवल्याखेरीज खेळायला जायचे नाही’ असे फर्मान काढले, किंवा ‘भाजी संपव, मग बिस्कीट देईन’ असा करार केला, म्हणजे मूल वळणावर येते असे आपण मानतो. प्रत्यक्षात सक्तीने भाजीविषयीची अढी दृढ होते आणि बक्षिसाने बिस्किटाचेच मोल वाढते. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ विदुषीने 1920 च्या दशकात, नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या बालकांपुढे साधे, सकस पदार्थ मांडून निवड सर्वस्वी त्यांच्यावर सोपविली. प्रत्येकाची आवड निराळी, रोजची लहर निराळी, तरी ती मुले सुदृढ वाढली. मात्र समोर काय ठेवायचे हा अधिकार मोठ्यांनी आपल्या हाती राखला होता, आणि किती खायचे याचा अखत्यार तेवढा बालकांकडे होता, हे त्या प्रयोगाचे मर्म आहे. डब्याचा कारभारही याच तत्त्वावर चालावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

एकदा नाकारलेला पदार्थ कायमचा नाकारला, हेही खरे नव्हे. ओळख होण्यास 8 ते 15 वेळांचा परिचय लागू शकतो. म्हणून भाकरीशेजारी, खात्रीने खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थासोबत, नव्या भाजीचा केवळ एक चमचा, कोणताही तगादा न लावता, पुनःपुन्हा ठेवावा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पंगतीला बसून, घरी नको म्हटलेली खिचडी पोर सवंगड्यांच्या बरोबरीने खाते, त्यातही तगाद्याविना होणाऱ्या परिचयाचेच रहस्य आहे.

साध्या डब्यात पोषण ते कुठले, ही शंका तर आपल्याच शिवाराचा अवमान करणारी आहे. ज्वारीत लायसिन हे प्रथिनघटक द्रव्य उणे आणि तुरीत ते विपुल. त्यामुळे भाकरी आणि घट्ट वरण, किंवा हिवाळ्यातल्या सोलेभातातले ओल्या तुरीचे दाणे आणि तांदूळ, एकमेकांची उणीव भरून काढतात. वर लिंबू पिळले तर डाळीतले लोहही अधिक शोषले जाते.

तथापि वजन घटत असेल, घास घशाशी अडत असेल, अथवा खाण्याचे पदार्थ दोन-चारांवर येऊन ठेपले असतील, तर तो लहरीचा मामला नव्हे. त्या मुलाला विनाविलंब बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे.