दिसत नाहीं म्हणून नाहींच काय?

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं राऊटरशेजारच्या फळीवर एक लहानशी काळी पेटी बसलेली असते. तिच्या पोटांत एक किंवा दोन हार्ड डिस्क फिरत असतात, आणि घरांतील सर्व फोन व संगणक यांस तींत फोटो, कागदपत्रें व ध्वनिमुद्रणें ठेवतां यावींत व हवीं तेव्हां काढतां यावींत, एवढेंच तिचें कार्य. जाणते लोक तिला 'नॅस' म्हणतात. आमच्या घरीं तिचें नांव 'कोठी' पडलें आहे; कारण धान्याच्या कोठीप्रमाणेंच सर्वांची शिदोरी तेथें एका ठिकाणीं असते. ही कोठी एके दिवशीं संगणकाला दिसेनाशी झाली, तर घरांत कोणता अनर्थ ओढवतो व त्याचें निरसन कोणत्या क्रमानें करावें, याविषयींची आमच्या बाभुळगांवच्या घरची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या मातोश्री सन २०१९ मध्यें निवर्तल्या. त्यापूर्वींच्या दोन हिवाळ्यांत आमच्या धाकट्या भगिनीनें त्यांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या फोनवर मुद्रित करून घेतल्या होत्या. लहानमोठ्या मिळून साठएक भरतील. हेमा रायरकर व गी प्वातव्हाँ यांनीं महाराष्ट्रांत गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि सन २०१७ पासून 'पारी'नें त्या प्रसिद्ध करावयास आरंभ केला, हें वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. त्या प्रचंड संग्रहापुढें आमच्या साठांची मातबरी ती काय! परंतु आमच्या घरापुरतें पाहूं गेल्यास तेवढेंच आमचें धन होतें. ज्या फोनवर त्या घेतल्या तो पुढें पाण्यांत पडून निकामी झाला, व त्या राहिल्या केवळ कोठींत. 'दादा, तूं याची आणखी एक प्रत काढून ठेव,' असें भगिनीनें आम्हांस दोनतीन वेळां बजावलें होतें. त्यावर आमचें उत्तर मोठ्या ऐटीचें असे. कोठींत दोन डिस्क आहेत, एकीवर जें लिहिलें जाईल तेंच दुसरीवर आपोआप उमटतें, तेव्हां प्रती आधींच दोन आहेत, असें आम्ही तिला समजावून देत असूं.

सन २०२३ च्या वैशाखांत आमच्याकडे प्रकाशतंतूची नवी जोडणी आली. जुनी तार गेली, जुना राऊटर गेला, त्याच्या जागीं नवा आला. जोडणी करणारा मुलगा चलाख होता; अर्ध्या तासांत घरांतील सर्व फोन चालू करून व चहा घेऊन तो गेला. संध्याकाळीं आम्ही संगणकावर कोठी उघडूं गेलों तों तेथें कांहीं नाहीं. यादींत तिचें नांवसुद्धां नव्हतें. इंटरनेट मात्र उत्तम चाललें होतें. दोन दिवस आम्हीं हें कोणास सांगितलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं भगिनीचा अमरावतीहून फोन आला कीं, ज्येष्ठांत आईच्या तिथीस ती येणार आहे, व त्या दिवशीं दुपारीं सर्वांनीं मिळून ओव्या ऐकाव्यात अशी तिची इच्छा आहे. आम्हीं 'बरें' म्हटलें.

दुसऱ्याच दिवशीं पेटी पिशवींत घालून आम्ही बाहेरगांवच्या एका दुकानीं गेलों. दुकानदार गृहस्थांनीं ती आपल्या संगणकास जोडून पाहिली, मान हलविली, व डिस्क गेल्याचा निकाल दिला. एकदां त्या बाहेर काढून संगणकास थेट जोडून पाहूं, नाहीं तर नागपुरास पाठवूं, खर्च मात्र बराच येईल, असें त्यांनीं सांगितलें. कसें सुचलें कोण जाणे, पण आम्हीं पेटी उघडूं दिली नाहीं. पुढें कळलें कीं, यांतच आमचें दैव बलवत्तर होतें. अशा पेट्यांतील डिस्कवरील मांडणी बहुधा लिनक्स पद्धतीची असते. विंडोजच्या संगणकास ती वाचतां येत नाहीं, आणि न वाचतां आलेली डिस्क पाहून तो 'ही फॉरमॅट करूं काय?' असा प्रश्न नम्रपणें विचारतो. गडबडीनें 'होय' म्हणणाऱ्यास पुढें ओव्याही नाहींत आणि फोटोही नाहींत.

आम्हीं उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत घालविला. संगणकशास्त्रांत आमची गति शून्य. परंतु यवतमाळाहून परततांना गाडींत दुकानदारांचें अनुमान आमच्या मनांत घोळूं लागलें. 'दिसत नाहीं, अर्थात् नाहीं.' भाट्ट मीमांसक व वेदान्ती अनुपलब्धीस स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक मानीत नाहींत. पण जे मानतात तेही एक अट घालतात, कीं ती अनुपलब्धि योग्य असली पाहिजे. म्हणजे वस्तु तेथें असती तर ती खात्रीनें दिसलीच असती, अशी सर्व सामग्री सिद्ध असतां ती दिसली नाहीं, तरच तिचा अभाव ठरतो. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून तेथें घट नाहीं असें म्हणतां येत नाहीं. मग आमच्या संगणकापाशीं दिवा तरी होता काय? हा प्रश्न सुटल्यावांचून डिस्क मेली असें म्हणण्याचा अधिकार कोणासच नव्हता.

रात्रीं पुण्यास शिकणाऱ्या नातवाला फोन लावला. तो म्हणाला, 'आजोबा, आधीं पेटीला हात लावून बघा. थरथरते का?' हात लावला. पेटी कोमट होती व मांजर गुरगुरावें तशी बारीक थरथरत होती. समोरचा दिवा स्थिर होता. मागें तार बसते तेथील दिवा लुकलुकत होता. याचा अर्थ देहांत प्राण होता आणि तारही शाबूत होती. हे दिवे विझलेले असते तर तार बदलून पाहणें, राऊटरचें दुसरें भोंक घेणें, वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बदलणें, हे उपाय प्रथम करावयाचे. आमच्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, व कपाटांत कोंडलेल्या पेट्या उष्म्यानें आजारी पडतात. तेव्हां तीही शंका घ्यावी. आमची पेटी उघड्या फळीवर असल्यानें त्यांतून सुटली.

नंतर नातवानें आम्हांकडून संगणकावर 'आयपीकॉन्फिग' हा शब्द लिहविला. उत्तरांत संगणकाचा पत्ता आला, तो १९२.१६८.०.१०४. पेटीच्या तळाशीं आम्हींच पूर्वीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर तिचा पत्ता होता, १९२.१६८.१.५०. दोन्ही वाचून दाखवितांच पलीकडे पोरगा हंसूं लागला. 'आजोबा, सांपडलं!'

यांतील मर्म समजून घेण्याजोगें आहे. १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते सन १९९४ पासून खाजगी उपयोगासाठीं राखून ठेविलेले आहेत, व प्रत्येक राऊटर त्यांतील एक आळी आपल्या घरापुरती घेतो. साधारणपणें पहिले तीन आंकडे म्हणजे आळी आणि चौथा म्हणजे घर. जुन्या राऊटरची आळी एक क्रमांकाची, नव्याची शून्य क्रमांकाची. फोन व संगणक यांस पत्ता राऊटरच वाटतो, म्हणून ते निमूटपणें नव्या आळींत गेले. कोठीला मात्र आम्हींच तीन वर्षांपूर्वीं कायमचा पत्ता हातानें लिहून दिला होता, कीं ती सदा एकाच ठिकाणीं सांपडावी. ती बिचारी आज्ञाधारकपणें मोडलेल्या आळींत बसून राहिली. एकाच फळीवर, वितीच्या अंतरावर असूनही दोघांची गांठ पडेना. आणि दुकानांतही तिची तीच गत झाली असली पाहिजे, कारण तेथील आळी कोणती हें कोणीं पाहिलेंच नव्हतें.

उपाय असा केला. राऊटर मध्यें न घेतां एकाच तारेनें संगणक व पेटी जोडलीं, आणि संगणकास तात्पुरता १९२.१६८.१.२० हा पत्ता हातानें दिला. मग 'पिंग' करून पेटीस हांक मारली, तों तिनें चारही वेळां ओ दिली! त्या वेळीं आमच्या तोंडून मोठ्यानें 'आहे!' असा शब्द निघाला व कुटुंब स्वयंपाकघरांतून धांवत आलें. ब्राउझरमध्यें तिचा पत्ता घालतां तिचें स्वतःचें व्यवस्थापनाचें पान उघडलें; तेथें 'पत्ता आपोआप घ्यावा' असें नोंदविलें, संगणकाचा पत्ताही पूर्ववत् आपोआप केला, आणि सर्व मंडळी पुनः राऊटरला जोडली. राऊटरच्या यादींत पेटी नव्या पत्त्यावर दिसली. तो पत्ता राऊटरमध्येंच तिच्या नांवें राखून ठेविला. कायमचा पत्ता हवाच असेल तर द्यावयाची खरी जागा ती.

तरीही संगणकाच्या यादींत नांव येईना. नवा राऊटर म्हणजे संगणकाच्या लेखीं नवें गांव. आणि परक्या गांवीं शहाणा प्रवासी कोणाशीं फारसें बोलत नाहीं, त्याप्रमाणें विंडोज नव्या जाळ्यास 'सार्वजनिक' समजून शेजाऱ्यांची चौकशी बंद ठेवतो. पत्ता थेट लिहिला तर कोठी उघडत होती. जाळें 'खाजगी' ठरवितांच नांवही उमटलें. (पाहुण्यांच्या वायफायवर असलेल्या फोनला मात्र कोठी दिसत नाहीं, व तें योग्यच आहे.)

लक्षण तेंच पण निदान वेगळें, असा प्रसंग धामणगांवच्या आमच्या एका स्नेह्यांवर आला. त्यांनीं संगणक नवा घेतला. पेटी दहाबारा वर्षांची जुनी. पत्ता बरोबर, पिंगला उत्तर येई, पण दार उघडेना. संगणक व पेटी एकमेकांशीं ज्या संकेतभाषेंत बोलतात तिला एसएमबी म्हणतात. तिची मूळ घडण आयबीएम कंपनींत सन १९८३ च्या सुमारास झाली; दुसरी आवृत्ति सन २००६ ची व तिसरी सन २०१२ ची. पहिल्या आवृत्तींतील एका भगदाडांतून मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' नांवाची साथ शिरली व सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणक तिनें ओलीस धरले. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांचींही कामें अडलीं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्यानें घातलेल्या विंडोजमधून ही पहिली आवृत्ति काढून ठेवण्यांत येऊं लागली. स्नेह्यांची पेटी तेवढीच एक भाषा जाणत होती. अशा वेळीं पेटीच्या पानावर नवी आवृत्ति चालू करतां येते काय तें पहावें, तिचें फर्मवेअर अद्ययावत् करावें. तेंही नसेल तर इंटरनेटची तार काढून, संगणकांत जुनी भाषा घटकाभर चालू करून, सर्व संग्रह उतरवून घ्यावा, भाषा पुनः बंद करावी व पेटीस निवृत्त करावें. स्नेह्यांनीं तसेंच केलें. जुनी भाषा कायमची चालू ठेवा असें सांगणारे भेटतात. त्यांचें ऐकूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिथीच्या आदल्या दिवशीं भगिनी आली. घडला प्रकार आम्हीं तिला सांगून टाकला. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, 'दादा, दोन डिस्क म्हणजे दोन प्रती, हें तूंच मला सांगितलं होतंस.' यावर आम्हांस बोलावयास जागा नव्हती. दोन डिस्क एकाच पेटींत. पेटी हरपली, जळाली किंवा चोरीस गेली तर दोन्ही एकदम जातात, आणि एकीवर चुकून पुसलें तर दुसरीवरही तत्क्षणीं पुसलें जातें. आरशांतल्या दिव्यास दुसरा दिवा म्हणण्यासारखी आमची ती गणना होती. भगिनीनें पिशवींतून आपली लहानशी डिस्क काढून पुढें ठेविली. ती प्रत आतां अमरावतीस असते. दुसरी नातवानें पुण्यास नेली.

तिथीच्या दुपारीं जेवणें आटोपल्यावर सर्वजण माजघरांत बसले. सातव्या मुद्रणांत आई मध्येंच थांबते, कोणास तरी दूध उतूं जातें आहे म्हणून ओरडते, व मग राहिलेल्या शब्दापासून पुनः ओवी धरते. तेवढा तुकडा कापून ओवी अखंड करून देतों, असें नातू म्हणाला. भगिनीनें तसें करूं दिलें नाहीं.