फडताळातल्या डब्यांची नावे
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

एखाद्या संकेतस्थळावर आपण अर्ज अर्धाच भरतो, संगणक बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर मजकूर जिथल्या तिथे! ही किमया पुष्कळदा ब्राउझरमधल्या ‘लोकल स्टोरेज’ची असते. १९९४ साली आलेल्या कुकीत जेमतेम ४ किलोबाइट मजकूर मावतो आणि तो प्रत्येक फेरीला सर्व्हरकडे जातो. लोकल स्टोरेजमध्ये एका संकेतस्थळाला साधारण ५ मेगाबाइट जागा मिळते आणि मजकूर आपल्याच संगणकावर राहतो.

हे घरातले फडताळच समजा. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी असते, तिला ‘की’ म्हणतात. नाव ठाऊक असले की डबा लगेच मिळतो. पण नावेच ठाऊक नसतील तर? तेव्हा स्क्रिप्ट, म्हणजे पानावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, आधी ‘लेंग्थ’ विचारून डबे मोजतो. मग ‘की’ या आज्ञेला क्रमांक देऊन एकेक नाव वाचतो. मोजणी शून्यापासून असते. ५ डबे असतील तर शेवटचा क्रमांक ४. डब्यांचा क्रम मात्र ब्राउझर ठरवतो, आपण नव्हे.

खरी गंमत डबे काढताना होते. शून्य क्रमांकाचा डबा काढला की मागचे सारे एकेक घर पुढे सरकतात. स्क्रिप्ट मात्र १ क्रमांकाकडे जाते आणि मधला डबा सुटतो. असे करता करता निम्मे डबे तसेच राहतात! सामायिक संगणकावर आपण ‘बाहेर पडा’ म्हणतो, पण आपला मजकूर पुढच्या माणसासाठी मागे उरतो. उपाय सोपा आहे: आधी सगळ्या नावांची यादी करावी आणि मग डबे काढावेत, किंवा शेवटून सुरुवात करावी.

दुसऱ्या संकेतस्थळाला हे फडताळ उघडता येत नाही. पण त्याच पानात थेट जोडलेली जाहिरातदाराची स्क्रिप्ट घरातलीच ठरते. ती सगळ्या चिठ्ठ्या वाचू शकते आणि डबेही उघडू शकते. म्हणून संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी तिथे पासवर्ड ठेवू नये. आणि आपण? परक्या संगणकावरून उठताना ब्राउझरच्या सेटिंगमधून ‘साइट डेटा’ पुसावा. घराबाहेर पडताना आपण कुलूप ओढून पाहतोच की!