ड्रायव्हर, कंडक्टर आणि कमरेचं माप

लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर पाळीभर बसलेला असायचा. कंडक्टर मात्र तिकिटं देत दिवसाकाठी पाच-सातशे पायऱ्या चढायचा. नोकरी एकाच संस्थेतली, राहणीमानही साधारण सारखंच. डॉ. जेरी मॉरिस यांनी दोघांच्या हृदयविकाराचे आकडे मांडले आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. कंडक्टरांना झटके कमी येत होते, आले तरी तुलनेनं सौम्य.

लगेच प्रश्न आला: मुळातच चपळ माणसं कंडक्टर होत असतील तर? मॉरिस यांनी शंका झटकली नाही. त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांच्या पॅंटी कमरेत खरोखरच मोठ्या होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही. म्हणजे शंकेत तथ्य होतं. मग बारीक, मध्यम, जाड असे गट पाडून पाहिलं, तरीही कंडक्टरांचं पारडं जडच राहिलं. व्यायामावरच्या संशोधनात इतका प्रामाणिक शिंपीपणा पुन्हा क्वचितच दिसतो.

त्या काळी झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवर पाडून ठेवत. अशा विश्रांतीनं शरीराचं काय होतं हे पाहायला १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की त्या तीन आठवड्यांनी शरीराची श्रमक्षमता जितकी घटली, तितकी तीस वर्षांच्या वयानंही घटली नव्हती. आता गुंतागुंत नसेल तर रुग्णाला एक-दोन दिवसांत उभं करतात.

मधुमेहात व्यायाम का उपयोगी पडतो, याचं कारण जास्त स्पष्ट आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून ‘रविवारी भरपूर चाललो’ हे आठवडाभर पुरत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहारबदल, वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेहाचा धोका ५८ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनं ३१ टक्के. चेन्नईतल्या तशाच, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच आकडे २८.५ आणि २६.४ होते, आणि दोन्ही एकत्र दिल्यानं जास्तीचं काही हाती लागलं नाही. माणसं वेगळी, वजनं वेगळी. त्यामुळे या आकड्यांची झुंज लावण्यात अर्थ नाही.

आपली शरीरं वेगळी म्हणजे किती? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली आपलाच शेजारी-शेजारी फोटो ‘लॅन्सेट’मध्ये दिला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावायचे, आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे बंद होणारी लिफ्ट गाठण्यापुरती धाव, अशी मिश्कील कबुलीही सोबत होती. ‘मी तर सडपातळ आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी तो फोटो जरूर बघावा.

सगळ्यात नवी बातमी कर्करोगाची. २०२५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, उरलेल्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका. आठ वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे ९० टक्के, दुसऱ्यात ८३. पुस्तिकेत व्यायामाचं महत्त्व होतंच. फरक पडला तो पाठपुराव्यानं.

आपल्याकडे मात्र पुस्तिकेचीच पद्धत चालते. गोळीपुढे डॉक्टर ‘जेवणाआधी, दिवसातून दोनदा’ असं लिहितात; व्यायामापुढे नुसतं ‘फिरणे’. किती वेगानं, धाप लागेपर्यंत की गप्पा मारत, ताकदीचा व्यायाम कधी, काहीच नाही. गुडघेदुखीत तर हे फार भोवतं. दुखतं म्हणून जिने सोडले की मांडीचे स्नायू वाळतात, आणि मग गुडघा आणखीच बोलू लागतो. त्यावर झेरॉक्स केलेला कागद मिळतो: पाय सरळ करा, दहा आकडे मोजा, सोडा. पुढे घोट्याला वजन बांधून ते हळूहळू वाढवायचं असतं, हे त्या कागदावर बहुधा नसतं.