दूरच्या संगणकाशी संधान

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीस पूर आला तेव्हा आम्ही वासण्यास घरी अडकून पडलो होतो आणि आमची शाळा नदीपलीकडे जुन्या शहरात बंद होती. काही मोडी कागदांची छायाचित्रे व त्यांची वाचने शाळेतील एका संगणकात होती, आणि पुण्याचे एक निवृत्त शिक्षकबंधू त्यांची वाट पाहत होते. शिपायाने दूरध्वनीवरून सांगितले की, संगणक चालू आहे, इंटरनेटही चालू आहे. तरीही आम्हांस तेथवर पोहोचता येईना. असे का व्हावे, हे अनेक सभासदांनी नंतर विचारले. म्हणून हा खुलासा.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक क्रमांकरूप पत्ता लागतो. जुन्या, अद्याप रूढ असलेल्या पद्धतीत असे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगास ते पुरेनात. म्हणून काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवावे, असे १९९० च्या दशकात ठरले. शाळेतील सर्व संगणकांस असे घरगुती पत्ते असतात व बाहेर त्यांच्या वतीने एकटा राउटर बोलतो. वाड्यातील कोणी पत्र धाडले तर त्याचे उत्तर देवडीवरचा पहारेकरी बिनचूक त्याच्याच खोलीत पोहोचवितो. पण न बोलाविता आलेल्या पाहुण्यास कोणाकडे न्यावे हे त्यास ठाऊक नसते, आणि तो त्यास परत पाठवितो. त्यात आमच्या व्यवस्थापकांनी बाहेर जाण्याच्या वाटाही मोजक्याच ठेविलेल्या. हे योग्यच होय.

प्रथम आम्ही घरच्या राउटरमध्ये एक दार उघडे ठेवून पाहिले. सकाळी संगणकाच्या नोंदी वाचल्या, तो रात्रभर कोणी अज्ञात यंत्रे निरनिराळी नावे व पासवर्ड लावून पाहत होती. दार तत्काळ बंद केले.

मग उलटा मार्ग धरला. आत येता येत नसेल, तर आतल्यानेच बाहेर यावे. सार्वजनिक पत्ता असलेले एक तिसरे यंत्र भाड्याने घेतले. शाळेचा संगणक स्वतः होऊन त्याच्याशी संबंध जोडतो व तो तुटू देत नाही. आम्ही घरून त्याच तिसऱ्या यंत्राकडे जातो आणि शाळेने आधीच सोडलेल्या दोरीवरून आत उतरतो. बाहेर गेलेल्या पत्राचे उत्तर समजून पहारेकरी वाट देतो. मात्र राउटर निःशब्द संबंध काही वेळाने विसरतो. म्हणून दर मिनिटास 'मी आहे' एवढा संकेत पाठवावा लागतो. हे साधन म्हणजे 'एसएसएच'. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीस गेल्यावर तातू युलोनेन यांनी ते १९९५ मध्ये रचिले. त्यातील सर्व मजकूर गुप्तलिपीत जातो. मधले भाड्याचे यंत्रही तो वाचू शकत नाही, मात्र त्यासाठी गुप्तलिपीचा दुसरा पदर घरापासून थेट शाळेपर्यंत असावा लागतो.

पासवर्डाऐवजी आम्ही किल्ल्यांची जोडी वापरतो. जोडीतील एक अर्धे कुलपासारखे असते. ते कोणासही द्यावे. दुसरे अर्धे आपल्या संगणकाबाहेर कधीच जाऊ देऊ नये. प्रथम भेटीत पलीकडील यंत्र आपला ठसा, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ, दाखविते. बहुतेक जण न वाचताच 'होय' म्हणून मोकळे होतात. पण मध्येच कोणी तोतया उभा असेल तर तो येथेच पकडावयाचा असतो. पुण्याच्या बंधूंनी ती ओळ दूरध्वनीवरून आमच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. मोडी वाचणाऱ्यास तिचा कंटाळा येत नाही, हे तेव्हा कळले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. हीच युक्ती व्यवस्थापकांच्या नकळत योजिली तर ती भिंतीस पाडलेले भगदाड होय. नेहमीची वाट बंद असल्यास संकेतस्थळांच्या वाटेने हा संबंध नेता येतो, असे आम्हांस एका जाणकाराने सुचविले होते. आम्ही ते केले नाही; लेखी अर्ज केला. अनुमतीस तीन आठवडे लागले. तीत ठरल्याप्रमाणे ही वाट त्या एकाच संगणकापुरती आहे, किल्ल्या दोघांच्याच आहेत, आणि काम संपताच त्या रद्द व्हावयाच्या आहेत.

वीज गेली की दोरी तुटते. ती परत येताच संगणकाने आपोआप सुरू होऊन पुन्हा संबंध जोडावा, अशी योजना पुढे केली. तोवर शिपायास दोनदा कळ दाबावयास जावे लागले. आता मोडीची वाचने पुण्यास बसून तपासली जातात, आणि चुकांची यादी आम्हांस रात्री वासण्यास मिळते.